गॅस संपलाय, की अजून काही? गाडीच्या एसीकडून शिकलेली निदानात्मक चाचणी



आजचा लेख जरा वेगळ्या विषयावर आहे. विषय आहे गाडीचा एसी. शैक्षणिक ब्लॉगवर एसी कशाला, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. डीएडला असताना आपण सगळ्यांनी 'निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन' हा घटक पाठ केला, परीक्षेत लिहिला, गुणही मिळवले. त्याचा खरा अर्थ मला गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बॉनेट उघडून उभी असताना कळला.

गाडी का घेतली

आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहतो. माझ्या बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, गोरेगावला. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना ठाऊक असेल, डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. उन्हाळ्यात आपण घटाघटा तांब्या रिकामा करतो, त्यांना दिवसभराचं पाणी मापानं पुरवावं लागतं. त्यात डायलिसिस करून बाहेर आलं की बीपी कमी झालेलं असतं, अंगात त्राण नसतं. रिक्षातून आणताना एकदा त्यांना घेरी आली. म्हणून एक जुनी, सेकंडहँड छोटी गाडी घेतली. घेताना बाकी काही पाहिलं नाही, एसी गार आहे ना एवढंच पाहिलं.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पेपरात मुंबईच्या तापमानाचे दोन आकडे येतात, कुलाबा आणि सांताक्रूझ. सांताक्रूझची वेधशाळा आमच्या शेजारचीच, म्हणून तो आकडा आम्हा पार्लेकरांचा. आकडा बघितला तर ३३-३४, नागपूरवाले हसतील. पण इथली हवा दमट. घाम येतो आणि वाळत नाही. त्यामुळे नागपूरला ज्या कूलरनं खोली गार होते तो कूलर इथे नुसती ओल करतो. गाडीच्या एसीलाही इथे दोन कामं असतात, हवा गार करायची आणि तिच्यातलं पाणी काढायचं. एसी चालू असलेल्या गाडीखाली पाण्याचे थेंब पडतात ते हेच पाणी. ते पडत असेल तर घाबरू नका, एसी आपलं काम करतोय.

"मॅडम, गॅस डालना पडेगा"

मार्चच्या शेवटी एसी बिघडला. म्हणजे हवा यायची, पण गार नाही. एका गॅरेजमध्ये गेले. त्यानं बॉनेटही न उघडता निदान केलं, "मॅडम, गॅस डालना पडेगा." घातला. त्यानं गाडी हायवेवर एक चक्कर मारून आणली, हात लावून दाखवलं, गार होतं. पैसे दिले, घरी आले.

तीन दिवसांनी बाबांना घेऊन परत येताना एसी पुन्हा गरम. पुन्हा त्याच्याकडे. "थोडा कम पडा होगा." पुन्हा गॅस घातला, पुन्हा चक्कर, पुन्हा गार. दोन्ही वेळचे मिळून साडेतीन हजार गेले. पुढच्या फेरीला नेहरू रोडच्या गर्दीत आम्ही अडकलो आणि एसीतून गरम वाफा यायला लागल्या. काच खाली केली तर बाहेरून बसचा धूर. बाबांचे ओठ सुकलेले. ते म्हणाले, "पाणी नको, थोडं बर्फ दे चोखायला." बर्फ कुठून आणणार? त्या दिवशी मला माझाच राग आला.

एसीवाल्या काकांचे प्रश्न

शाळेतल्या एका सहकाऱ्यानं अंधेरीच्या एका गल्लीतल्या वयस्कर एसीवाल्या काकांचं नाव सुचवलं. त्यांनीही बॉनेट लगेच उघडलं नाही, पण वेगळ्या कारणानं. त्यांनी आधी प्रश्न विचारले.

"हवा जोरात येते का?"
"हो काका, हवा भरपूर येते."
"सकाळी गार असतो की दुपारी?"
"सकाळी बरा असतो."
"गाडी पळताना गार, की उभी असताना?"

मी गप्प झाले. हे मी पाहिलंच नव्हतं. मला फक्त एवढंच माहीत होतं की एसी 'चालत नाही'.

काका म्हणाले, "ताई, एसी चालत नाही ही तक्रार झाली, रोग नाही. दोन दिवस लिहून आणा. कधी चालतो आणि कधी नाही, दोन्ही लिहा."

मास्तरणीला गृहपाठ मिळाला! शाळेच्या विज्ञानपेटीतला थर्मामीटर मुख्याध्यापिकांना विचारून घेतला आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत अडकवला. बाबा मागे बसून वहीत लिहायचे. नोंदी अशा आल्या :

• हायवेवर गाडी वेगात असताना : ९ अंश.
• उतरून नेहरू रोडला वळल्यावर : १४ अंश.
• स्टेशनच्या गर्दीत दहा मिनिटं रखडल्यावर : २४ अंश.
• रस्ता मोकळा होऊन गाडी पळायला लागल्यावर : पुन्हा ११ अंश.

वही बघून काका हसले. "गॅस संपलेला एसी हायवेवर ९ अंश देईल का?"

आधी एसी समजून घेऊ

इथे थोडा पाठ घेते. हाताला स्पिरिट लावलं की गार वाटतं. द्रवाची वाफ होताना तो आपल्या हातातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी याच कारणानं गार होतं. एसीतही तेच होतं. फरक इतकाच की माठातली वाफ उडून जाते, एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहतो.

डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉईल असते. तिथे द्रवाचा वायू होतो आणि तो गाडीतली उष्णता शोषतो. मग इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, त्यामुळे तो आणखी तापतो. हा तापलेला वायू जातो पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये. तिथे बाहेरची हवा लागून तो निवतो आणि पुन्हा द्रव होतो. मग एका बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून त्याचा दाब एकदम कमी होतो आणि तो परत कूलिंग कॉईलमध्ये येतो. आपल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशालाच उकळतो.

म्हणजे एसी थंडी 'तयार' करत नाही, तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. आणि टाकायची जागा म्हणजे कंडेन्सर. तिथे हवा लागली नाही तर उष्णता जाणार कुठे?

गाडी पळते तेव्हा समोरचा वारा आपोआप कंडेन्सरवर येतो. गाडी उभी असते तेव्हा ते काम पंख्यानं करायचं असतं. माझ्या वहीतल्या नोंदी हेच ओरडून सांगत होत्या. वारा आहे तेव्हा एसी पास, वारा नाही तेव्हा नापास. आणि गॅरेजवाला चाचणी कुठे घेत होता? हायवेवर!

पाण्याच्या बाटलीचा प्रयोग

काकांनी खात्री करायला साधा प्रयोग दाखवला. गाडी मोकळ्या जागेत उभी करून एसी चालू ठेवला. थर्मामीटर २३-२४ वर गेला. मग समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर बाटलीनं पाणी मारलं. थोड्या वेळात पारा उतरू लागला, १५ पर्यंत आला. पाणी वाळलं, पुन्हा चढला. गॅस तोच, कॉम्प्रेसर तोच, बदललं फक्त कंडेन्सरचं निवणं.

मग त्यांनी बॉनेट उघडलं. आत दोन पंखे होते. एक इंजिनाच्या रेडिएटरचा, तो फिरत होता, म्हणून इंजिन तापल्याचा काटा कधी वर गेला नव्हता. दुसरा एसीचा, तो ढिम्म. तरी त्यांनी लगेच "पंखा बदला" म्हटलं नाही. आधी फ्यूज पाहिला, ठीक होता. मग त्याचा रिले काढून हॉर्नचा तसाच रिले तिथे लावून पाहिला, तरी पंखा फिरेना. मग पंख्याला थेट बॅटरीची वायर दिली. तरीही नाही. आतले कार्बन ब्रश झिजून संपले होते. आता कुठे ते म्हणाले, "मोटर गेली."

शेवटी त्यांनी मशीननं गॅस बाहेर काढून वजन केलं. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलं होतं ४०० ग्रॅम. निघाला ५२०. म्हणजे आधीच गॅस पुरेसा होता, वर आणखी भरला होता. गॅस जास्त झाला की दाब वाढतो, दाब फार वाढला की सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि एसी आणखी गरम होतो. औषधानंच आजार वाढवला होता. मोटर आणि मजुरीचे मिळून बावीसशे रुपये झाले.

लक्षणावरून कुठे बघायचं?

काकांकडून शिकलेलं सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून मांडते. गॅरेजला जाण्याआधी एवढं स्वतः पाहा :

१. हवाच कमी येते, पण जी येते ती गार आहे : आधी केबिन फिल्टर पाहा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. धूळ आणि पानं अडकून गच्च झालेला असतो. हजारांचं काम वाटतं, काही शेकड्यांत भागतं.

२. पंखा फक्त सगळ्यात वरच्या नंबरवर चालतो, खालच्या नंबरांवर नाही : ब्लोअरचा रेझिस्टर गेला असण्याची शक्यता जास्त. गॅसचा इथे काहीच संबंध नाही.

३. पळताना गार, उभं राहिल्यावर गरम : कंडेन्सरचा पंखा, किंवा कंडेन्सरवर बसलेला चिखल आणि कचरा. माझी केस हीच.

४. सुरुवातीला छान गार, मग हवा कमी कमी होत जाते, एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक : आत कूलिंग कॉईलवर बर्फ धरतोय. फिल्टर चोंदलाय का किंवा कॉईलचा थर्मोस्टॅट बिघडलाय का ते बघायला सांगा.

५. हवा भरपूर, पण कधीच गार नाही : एसीचं बटण दाबल्यावर बॉनेटमधून 'टक' असा आवाज येतो का ऐका. बऱ्याच गाड्यांत तो कॉम्प्रेसरच्या क्लचचा असतो. येत नसेल तर फ्यूज, रिले, वायरिंग, नाहीतर खरोखरच गॅस कमी. गॅस फार कमी झाला तर कॉम्प्रेसर जळू नये म्हणून स्विच त्याला चालूच होऊ देत नाही.

६. ओल्या मोज्यांसारखा वास : कॉईलवर बुरशी. मुक्कामाला पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, आतली ओल वाळते.

७. पायाखालची मॅट ओली : पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे. मुंबईच्या हवेत हे फार होतं. गाडीखाली पाणी पडायचं बंद झालं आणि मॅट भिजली, तर दुसरं काही शोधू नका.

आणि गॅसबद्दल एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. गॅस पेट्रोलसारखा 'संपत' नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. वर्षानुवर्षांत रबरी पाइपांतून थोडासा झिरपतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. जोडाजवळ तेलकट डाग दिसतो का बघायला सांगा. साबणाच्या फेसानं किंवा रंग टाकून गळती शोधता येते. गळती बुजवल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

हे फक्त खिशाचं नाही. आपण १६ सप्टेंबरला शाळेत ओझोन दिन साजरा करतो. पूर्वी गाड्यांच्या एसीत आर-१२ हा गॅस असायचा. असे गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातात हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलला करार झाला आणि पुढे हे गॅस बंद झाले. आजचा आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त ताकदीचा आहे. फलकावर 'ओझोन वाचवा' लिहायचं आणि गळक्या गाडीत दरवर्षी गॅस भरायचा, हे बरोबर नाही.

दोन सूचना. गॅसच्या नळ्या घरी उघडू नका, गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसी तपासू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

आता वर्गाकडे

त्याच आठवड्यात माझ्या तिसरीच्या वर्गाचे संकलित मूल्यमापनाचे पेपर घरी होते. एका मुलाचा पेपर हातात आला. नाव सांगत नाही. गणितात 'कच्चा' असा शेरा मीच वर्षभर देत होते. उपचार म्हणून त्याला मधल्या सुट्टीत बसवून रोज वीस वजाबाक्या देत होते. चुकल्या की आणखी दहा. मार्चमध्ये तो एकदा म्हणाला होता, "बाई, मला डोकंच नाहीये." मी "असं नाही म्हणायचं" म्हणाले आणि पुढची दहा उदाहरणं दिली.

त्या रात्री मी त्याच्या पेपरकडे काकांसारखं पाहिलं. कधी चुकतो, आणि कधी बरोबर येतं?

४८ − २३ = २५. बरोबर.
५२ − ३७ = २५. चूक.
६४ − २८ = ४४. चूक.
७९ − ४६ = ३३. बरोबर.
७० − ३४ = ४४. चूक.

बिनहातच्याची प्रत्येक वजाबाकी बरोबर होती. हातच्याची प्रत्येक चूक, आणि एकाच पद्धतीनं चूक. ५२ मधून ३७ वजा करताना २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तो ७ मधून २ काढत होता. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्याला कुणीतरी शिकवला होता. बहुधा मीच. तो नियम तो इमानदारीनं पाळत होता.

म्हणजे पोराला डोकं होतं. एक पंखा बंद होता. आणि मी वर्षभर गॅस भरत होते.

सराव म्हणून दिलेली प्रत्येक उदाहरणं त्याची चूक आणखी पक्की करत होती. वर मधली सुट्टी गेली ती वेगळीच. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहायला हवं. गॅरेजवाल्यावर चिडायचा मला हक्क होता का, असं मनात आलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर, तो चौथीत आला तेव्हा, त्याला वीस उदाहरणं दिली नाहीत. काड्यांचे गठ्ठे दिले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. "यातल्या ३७ मला दे." त्यानं तीन गठ्ठे दिले. मग सात सुट्या द्यायच्या, हातात दोनच. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "बाई, गठ्ठा सोडू का?" मी म्हटलं, सोड. त्यानं रबर काढलं, मोजून दिल्या, उरलेल्या मोजल्या. "पंधराच राहिल्या. मग माझं पंचवीस कसं यायचं?" हा प्रश्न त्यानं स्वतः विचारला. दोन आठवडे गठ्ठे, मग चित्रं, मग वहीत. अजून ३०० − १४८ सारख्या ठिकाणी, जिथे मध्ये शून्य येतो, तो अडखळतो. पण आता कुठे अडखळतो हे मला माहीत आहे आणि त्यालाही.

वर्गात करून पाहा

• दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा. दोन्ही पंख्याखाली ठेवून पाच मिनिटांनी वाचा. फरक का पडला ते मुलांना सांगू द्या. कोकणात फरक कमी येईल, सोलापूरकडे उन्हाळ्यात बराच येईल. दोन शाळांनी फोनवर आकडे ताडून पाहिले तर फारच छान.

• आणि आपल्यासाठी : पुढची उपचारात्मक कार्यपत्रिका काढण्याआधी एका मुलाची दहा चुकलेली आणि दहा बरोबर उदाहरणं समोर ठेवा. चुकलेल्यांत काय सारखं आहे, बरोबर आलेल्यांत काय सारखं आहे, हे दोन ओळींत लिहा. मग ठरवा काय शिकवायचं.

बाबा आता परतीच्या वाटेवर नेहरू रोडच्या गर्दीतही झोपतात. थर्मामीटर शाळेला परत केला. नोंदींची वही मात्र गाडीतच आहे, बाबा अजूनही कधीकधी आकडा लिहायला मागतात, आणि मी हाताचा अंदाज सांगते.

तुमच्या वर्गात असा कोणता 'गॅस' भरला जात होता आणि खरं कारण काय निघालं, ते जरूर कळवा.